बेबीताईने सांगितलं नव्हतं

हे मी माझ्या माणसांपैकी कोणाला सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, आईला नाही, ज्यांच्या हाताखाली पीएचडी केली त्या सरांना तर नाहीच. आताही सांगून होईल की नाही, माहीत नाही. वाक्य सुरू केलं आहे, एवढंच.

कुठून सुरू करू? — जे सांगायला सोपं आहे, तिथून करते.

मी समाजकार्याच्या कॉलेजात शिकवते. दरवर्षी पहिल्या वर्षाच्या मुलांना गोपनीयता शिकवताना एक गोष्ट सांगते. एका संशोधक बाईंची. त्यांना खेड्यातल्या एका बाईनं विश्वासानं काही सांगितलं होतं. त्यांनी ते नाव बदलून वर्गात सांगितलं, आणि तरीही गावाला कळलं. म्हणून, मी मुलांना म्हणते, नाव बदललं म्हणजे माणूस लपत नाही. मुलं वहीत उतरवून घेतात. एखादी मुलगी हमखास विचारते, “मॅडम, मंग त्या बाईनं काय केलं?” मी म्हणते, “त्यांनी गावात जाऊन चूक कबूल केली.” वर्ग शांत होतो. छान होतो तो तास.

ती संशोधक बाई मी आहे. आणि मी काहीही कबूल केलं नव्हतं.

एक सांगून झालं. पण मुख्य हे नाही. हे तर वरवरचं आहे.

आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिली. गाव इंझोरी. वडील काळीपिवळी जीप चालवायचे, आई दुसऱ्यांच्या वावरात निंदायला जायची. मी समाजकार्याची पदवी घेतली तेव्हा वडिलांना नेमकं काय शिकले ते कळलं नव्हतं, जीपमधल्या लोकांना ते सांगायचे, “पोरगी लोकायची कामं करून देन्याचं शिकली.” तसं पाहिलं तर बरोबरच सांगायचे. पहिली काही वर्षं मी एका संस्थेत होते. कारंजा तालुक्यातली गावं माझ्याकडे होती. एकट्या बायकांचं निराधार योजनेचं काम, रेशनकार्डातून नाव वगळलं त्याचं काम, दवाखान्यात हाडतहुड झाली तर बायकांना घेऊन तहसीलवर जायचं, जनसुनावणीत त्यांना उभं राहून बोलायला लावायचं. मला ते काम येत होतं. बायका माझ्याशी बोलायच्या. का बोलायच्या? — मी त्यांच्यासारखीच दिसायचे, त्यांच्यासारखीच बोलायचे, आणि तरी त्या मला मॅडम म्हणायच्या. दोन्हीचा मला अभिमान होता.

धनजकडच्या एका गावात बेबीताई अंगणवाडीत मदतनीस होती. खिचडी शिजवायची, पोरं घरून गोळा करून आणायची, पुसायची, निजवायची. त्या गावात मला पहिलं पाणी तिनं दिलं आणि पहिलं घरही तिनंच दाखवलं. ते घर तिच्या मैत्रिणीचं. दोघी एकाच गावच्या लेकी, कामरगावकडच्या, आणि पुढे एकाच गल्लीत सुना म्हणून आलेल्या. सारखी एकमेकींची टिंगल चालायची. बेबीताई म्हणायची, “हिले भाकर थापता येत नव्हती मॅडम, म्या शिकवली.” ती म्हणायची, “चूप बस व, तुही भाकर त कुत्रं बी हुंगून सोडून देते.” त्या मैत्रिणीचं नाव मी इथे देत नाही. खोटंही देत नाही. एकदा दिलं होतं.

पुढे मी तासिका तत्त्वावर शिकवायला लागले आणि पीएचडीला नोंदणी केली. विषय होता, खेड्यातल्या बायका स्वतःच्या शरीराबद्दलचे निर्णय कसे घेतात. मुलाखती घ्यायला अर्थातच मी जुन्या गावांत गेले. ओळखीच्या अंगणांत.

त्या मैत्रिणीनं एका दुपारी मला जे सांगितलं ते असं. तिला दोन मुली. दुसरीच्या वेळी ती मरता मरता वाचली. त्यानंतरच्या उन्हाळ्यात ती माहेरी गेली, तेव्हा बेबीताईही माहेरी आलेली होती. बेबीताईला अंगणवाडीच्या एका बैठकीत कळलं होतं की मुलं बंद होण्याच्या ऑपरेशनला नवऱ्याची सही लागत नाही. दोघी लग्नाला जातो म्हणून निघाल्या आणि सरकारी दवाखान्यात जाऊन आल्या. सासरी कोणाला सांगितलं नाही. नवऱ्यालाही नाही.

आणि इकडे सासूनं नवस बोलला होता. नातू होईपर्यंत पायात चप्पल घालणार नाही.

तुम्ही तुरीच्या वावरातून कधी अनवाणी चालला आहात का? पीक कापून नेलं की जमिनीत धसकटं राहतात, बोटभर उंचीची, टोकदार. ती म्हातारी वर्षानुवर्षं त्यातून चालत होती. संध्याकाळी ओसरीवर पाय पसरून बसायची आणि सून चिमणी जवळ ओढून, सुईनं तिच्या पायातले काटे काढायची. “काटा निंघाला का बुढी मले म्हनते, तुह्या पोटी किसन येऊ दे,” ती मला म्हणाली. “अन् मॅडम, मले वाटते का तीच सुई म्या माह्या डोळ्यात खुपसून घ्यावी.”

हे सांगताना ती रडली नाही. मी रडले. मग तिनं मलाच पाणी दिलं आणि म्हणाली, “बेबी सोडून कोनालेच माहीत नाही. आता तुमी.”

मी म्हणाले, “कोणाला कळणार नाही.”

त्या वर्षी कॉलेजात मला पहिल्यांदा मुलाखतीच्या पद्धतीवर व्याख्यान द्यायचं होतं. विभागप्रमुख मागे बसणार होते. मी तयारी केली. तिचं नाव बदललं. गाव बदललं. मुलींची संख्या बदलली, जात बदलली, जिल्हासुद्धा बदलला. सगळं नियमाप्रमाणे. आता सांगा — म्हातारीचा नवस का नाही बदलला? चप्पल न घालण्याऐवजी उपास लिहिता आला असता. काहीही चाललं असतं. मी तेव्हा विचार केला होता, हे मला आठवतं. पेन कागदावर धरून बसले होते. आणि मला तो सोडवेना. कारण ते ऐकून वर्ग सुन्न होणार होता. कारण विभागप्रमुख मान हलवणार होते. इंझोरीच्या जीपवाल्याची पोरगी काय शोधून आणते, हे सगळ्यांना दिसणार होतं.

वर्ग सुन्न झाला. विभागप्रमुखांनी मान हलवली.

तास संपल्यावर एक मुलगी थांबली. साधी, मागच्या बाकावर बसणारी. म्हणाली, “मॅडम, ते बिनचपलेची आजी माह्या मामाच्या गावची हाये का?”

माझ्या हातात खडू होता. मी तो डब्यात ठेवला, डबा बंद केला. मग म्हणाले, “नाही गं. ती यवतमाळकडची आहे.”

“अशीच एक हाये तिकडे,” ती म्हणाली. “सेम.”

तेव्हाच मला कळलं होतं. हे नीट लक्षात घ्या, कारण पुढे मी असं वागले जणू मला काही माहीतच नव्हतं. त्याच दिवशी मी जीप पकडून त्या गावाला जाऊ शकत होते. तिला सावध करू शकत होते. त्या मुलीलाच बाजूला घेऊन, बाई, माझी चूक झाली, घरी बोलू नको, असं म्हणू शकत होते. मी स्टाफरूममध्ये जाऊन डबा खाल्ला.

मुलीनं वाईट हेतूनं काही केलं नाही. घरी आईला सांगितलं असेल, आज मॅडमनं असं असं सांगितलं. आई माहेरी गेली असेल. बायका बोलल्या असतील. कोणी हिशेब जुळवला असेल, की दोन पोरींनंतर या बाईला दिवस कसे गेले नाहीत? उन्हाळ्याच्या आत सगळ्या गावाला माहीत झालं.

सासू कामरगावच्या बाजारात गेली आणि चप्पल घेऊन आली.  ओसरीवर बसून ती पायात घातली आणि सुनेसमोरून चालत गेली. तेव्हापासून तिनं सुनेच्या हातचं पाणी घेतलं नाही. नवऱ्यानं आधी हात उचलला, मग बोलणं बंद केलं. पोरींशी बोलतो. तिच्याशी अजूनही नाही.

आणि सगळ्यांनी मिळून ठरवलं की हे बेबीनं फोडलं. दुसऱ्या कोणाला माहीत होतं? मैत्रिणीचा नवरा अंगणवाडीच्या दारात जाऊन, लहान लहान पोरांच्या देखत बेबीताईला नको नको ते बोलला. बायकांनी तिचं नाव ‘भोंगा’ ठेवलं. ती हापशीवर आली की म्हणायच्या, “चूप बसा व, भोंगा आला.” गल्लीत कुणाला कळा सुरू झाल्या की आधी बेबीताईला हाक जायची, ती बंद झाली. घरातलं दुखणं-खुपणं तिच्या कानावर घालायचं नाही, असं सासवा नव्या सुनांना सांगायला लागल्या.

बेबीताई माझ्याकडे आली. कॉलेजात. स्टाफरूमच्या बाहेर, चप्पल दाराशी काढून, भिंतीला टेकून उभी होती. आत ये म्हटलं तर येईना. मी बाहेर गेले. ती म्हणाली, “मॅडम, म्या पोराच्या डोक्यावर हात ठेवून सांगतलं तिले, का मी नाही बोलली. आयकतच नाही. तिचा तुमच्यावर लय भरोसा हाये. तुमी म्हना फक्त, का बेबी तशी नाही.”

तिला माझा संशय आला नव्हता. समजतंय का तुम्हाला? माहीत असलेली माणसं तीन होती, आणि तिसरीचा विचारच तिच्या मनात आला नव्हता. मी मॅडम होते.

मी म्हणाले, “मी बोलते तिच्याशी.” आणि तिला चहा पाजला.

मी गेलेही. हे सांगायला सगळ्यात जड आहे, म्हणून इतका वेळ इकडतिकडचं सांगत बसले. मी त्या मैत्रिणीच्या घरी गेले. ती ज्वारी निवडत होती. कपाळाजवळ पिवळा पडलेला डाग होता. ती म्हणाली, “बेबीनंच सांगतलं ना, मॅडम? दुसऱ्या कोनाले माहीत होतं? तुमाले होतं, पन तुमी काहून सांगसान?”

आणि ती माझ्याकडे पाहत राहिली.  आता वाटतं, तिला तेव्हा विचारायचं होतं. तिनं दार उघडून ठेवलं होतं, मी फक्त आत जायचं होतं.

मी म्हणाले, “जातं गं कधी कधी माणसाच्या तोंडून. तिनं मुद्दाम नसेल केलं.”

एवढंच वाक्य. किती समजूतदार वाक्य आहे ना? बेबीताईची बाजू घेतल्यासारखं वाटावं, आणि तिच्यावरचा आरोप मात्र कायमचा पक्का व्हावा. माझ्या शिक्षणानं मला असलं वाक्य बनवायला शिकवलं. ती खाली बघून पुन्हा ज्वारी निवडायला लागली. म्हणाली, “मले बी तसंच वाटलं.”

का केलं असं? मी स्वतःला खूपदा विचारलं आहे. नोकरी गेली असती का? नाही. तासिकेवरची नोकरी, तिला कोण काय करणार होतं? पदवी गेली असती का? नाही, फार तर सर रागावले असते. कोणी माझं काही वाकडं करणार नव्हतं. फक्त त्या दोन अंगणांत मला कोणी मॅडम म्हटलं नसतं. तेवढ्यासाठी मी एका बाईचं नाव गावात घाण करून ठेवलं, आणि दुसरीला तिच्या एकुलत्या एका मैत्रिणीपासून तोडलं.

प्रबंधातून मी तो नवस काढून टाकला. त्यांच्यासाठी नाही — कोणी वाचून माझ्यापर्यंत पोचू नये म्हणून. नीतिमूल्यांच्या भागात लिहिलं की सहभागी स्त्रियांची गोपनीयता काटेकोरपणे पाळण्यात आली आहे. तोंडी परीक्षेच्या वेळी बाहेरून आलेल्या परीक्षकांनी नेमक्या त्याच परिच्छेदाचं कौतुक केलं. मी खाली मान घालून थँक्यू म्हणाले. विनय वाटला असेल त्यांना.

डॉक्टर झाल्यावर त्या गावच्या शाळेत माझा सत्कार झाला. बायकांनी ओटी भरली. बेबीताई एका टोकाला बसली होती, तिची मैत्रीण दुसऱ्या टोकाला. दोघी माझ्यासाठी आल्या होत्या आणि एकमेकींकडे बघत नव्हत्या. माझ्या हातात माइक होता. मी मुलींच्या शिक्षणावर बोलले.

मग इतकी वर्षं गप्प राहिल्यावर आताच का? मला पश्चात्ताप झाला म्हणून, असं लिहिता आलं असतं तर बरं झालं असतं. तसं झालं नाही. या वर्षी माझ्या एका विद्यार्थ्यानं क्षेत्रकार्याचा अहवाल दिला. त्याला तेच गाव मिळालं होतं. हुशार मुलगा, त्याचेही आईवडील शाळेत न गेलेले. त्यानं गोपनीयतेवर एक पान लिहिलं होतं, मी वर्गात शिकवते त्याला धरून. आणि उदाहरण दिलं होतं, की या गावातील अंगणवाडी मदतनिसाने एका महिलेची खाजगी बाब फोडली, त्यामुळे महिलांचा विश्वास उडाला. मी लाल पेन घेऊन ते वाचत होते. मी केलेलं पाप माझ्याच हाताखालून, माझ्याच भाषेत, तिच्या नावावर लिहून परत आलं होतं. आणि त्याला मी गुण द्यायचे होते.

मी दिले. चांगले दिले. दुसऱ्या दिवशी मात्र मला वर्गात जाता आलं नाही.

त्या आठवड्यात मी गावाला गेले. आधी अंगणवाडीत. पोरं निजली होती, बेबीताई खिचडीचं भांडं घासत होती. मी उभ्या उभ्याच सगळं सांगितलं. वर्ग, ती मुलगी, यवतमाळ, ज्वारी निवडताना बोललेलं वाक्य. तिचं घासणं थांबलं. राखेचे हात तसेच.

मग म्हणाली, “तिले सांगतलं का?”

“नाही.”

“मंग मले काहून सांगून राह्यल्या? मी नाही सांगतलं हे मले त माहीतच होतं.”

आणि भांड्यावर पाणी ओतलं.

मी तिच्या मैत्रिणीच्या घरी गेले. ती अंगणात होती. तिलाही सांगितलं. ती वळली. आत गेली. मला वाटलं आता बाहेर येणारच नाही. आली, आणि उंबऱ्यावर बसली. मला बस म्हणाली नाही.

“बेबीची माय मेली त म्या मातीले नाही गेली, मॅडम,” ती म्हणाली. “आमी एका घरच्यासारख्या वाढलो. तिच्या मायनं मले न्हाऊ घातलं हाये. माह्या दारासमोरून तिले रडत जाताना पाह्यलं, अन् म्या कवाड लावून घेतलं.” तिनं गल्लीकडे पाहिलं. “आता कोनत्या तोंडानं जाऊ तिच्या घरी? सांगा. तुमी शिकेल हा ना.”

 तोपर्यंत मला वाटत होतं, मी तिचा विश्वास मोडला, बेबीताईचं नाव घालवलं, आणि तिथेच माझा दोष संपतो. इतकी वर्षं मी तिलाही कोणाची तरी गुन्हेगार करून ठेवलं होतं, हे मला त्या उंबऱ्यासमोर उभं राहून कळलं.

मी निघाले तेव्हा ती म्हणाली, “लिवनं तुमचं काम हाये ना? मंग लिवा. माहं लिवा, बुढीचं लिवा. आता काय झाकाचं राह्यलं? पन बेबीचं नाव बदलू नोका. तिचं खरंच नाव लिवजा.” आणि मग, आवाज न चढवता, “अन् मॅडम — इकडे येऊ नोका आता.”

बेबीताईला फोन करून विचारलं. “लिवा,” म्हणाली, आणि फोन ठेवला. त्या दोघी त्यानंतर एकमेकींशी बोलल्या का, मला माहीत नाही. मला कोण सांगणार, आणि का सांगावं?

म्हणून हे लिहिलं आहे. यात त्या घरातलं एकही नाव नाही, गावाचंही नाही. बेबीताईचं मात्र तिच्या आईवडिलांनी ठेवलेलंच आहे. तिकडच्या लोकांना तेवढं पुरे. त्या गावात अंगणवाडीची बेबी एकच आहे. कोणालाही विचारा, घर दाखवतील.